‘येतो’ म्हणण्याआधी: परदेशी मंडळीच्या शेवटच्या दिवसाची तयारी

पहिल्या वर्षी आमच्या गावी परदेशातून ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, गट आला, तेव्हा निरोपाची तयारी आम्ही निरोपाच्याच दिवशी सुरू केली होती. सकाळी आठला जीपवाला हॉर्न वाजवत उभा. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, व्हरांड्यात मंडपवाल्याशी बिलावरून हुज्जत घालतायत. मी एका पाहुणीच्या बॅगेतून अर्धं पोतं संत्री बाहेर काढतेय, महिला मंडळाच्या बायका शाली मोजतायत आणि नेमकी एक कमी पडतेय. दहा दिवस आमच्या प्रार्थनामंदिराची बाकं दुरुस्त करणारे त्यांचे म्हातारे सुतार मात्र कडुलिंबाखाली एकटेच उभे होते. डोळे पुसत होते. त्यांच्याजवळ जाऊन दोन मिनिटं उभं राहायला आमच्यापैकी कोणाला सवड नव्हती.

ती चूक मला अजून लागते. त्यानंतर आणखी सहा गट आले आणि दर वेळी मी दुभाषी, स्वयंपाकाची देखरेख आणि सामानाचा हिशेब अशी तिन्ही कामं केली. आमचं गाव अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर–चांदूर बाजार पट्ट्यातलं, मंडळी जेमतेम चाळीस घरांची. मोठ्या शहरातल्या मंडळ्यांकडे माणसं असतात, गाड्या असतात. आमच्यासारख्या गावांत सगळं पाच-सहा जणांच्या अंगावर पडतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: देणं-घेणं, बांधणं-मोजणं असलं जे जे काम असेल ते आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत संपवा. शेवटच्या दिवशी हात रिकामे पाहिजेत.

कागद: निदान चार दिवस आधी

परदेशी पाहुणा तुमच्या घरी, पाळकनिवासात किंवा होस्टेलमध्ये मुक्कामाला उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर भरावी लागते. आपण सगळे त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतो. हे काम यजमानाचं आहे, पाहुण्याचं नाही. आल्या दिवशी ते झालंच असेल असं धरून चालू नका. निघायच्या चार दिवस आधी प्रत्येकाच्या नावाची प्रिंट काढा आणि पासपोर्ट नंबर एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहा. एका वर्षी आमच्या पोराने शून्याच्या जागी ओ टाकला होता. पोलीस पाटलांना आणि ठाण्यात पाहुणे अमुक दिवशी, अमुक गाडीने निघताहेत हे तोंडी सांगून या. गावात कोणाच्या मनात काही शंका असेल तर ती तिथेच विरते.

व्हिसाचं प्रकरण याहून नाजूक आहे. ई-टुरिस्ट व्हिसावर एक महिन्यापर्यंतचं बिनमोबदला स्वयंसेवी काम चालतं. म्हणजे बाकं दुरुस्त करणं, शाळेची भिंत रंगवणं, पोरांबरोबर खेळणं हे ठीक. उपासनेला येऊन बसायलाही आडकाठी नाही. पण धर्मोपदेश करणं, धर्मस्थळात भाषण देणं, पत्रकं वाटणं हे त्या व्हिसावर चालत नाही. मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. शेवटच्या दिवशी भावनेच्या भरात हमखास कोणीतरी उठतं आणि म्हणतं, ‘आज संदेश पाहुण्यांनीच द्यावा.’ देऊ नये. पाळकसाहेबांचा मान पाळकसाहेबांकडेच राहू द्या. पाहुण्यांचे आभाराचे दोन शब्द मंदिराबाहेर, अंगणात, जेवणाच्या पंगतीआधी होऊ द्या. आम्ही निरोपाची सभा कडुलिंबाखाली घेतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आत पंखा एकच आहे.

पैसा: सगळ्यात अवघड गोष्ट

शेवटच्या रात्री एखादा पाहुणा पाळकसाहेबांना बाजूला घेतो आणि त्यांच्या हातात पाकीट ठेवतो. त्याच्या मनात काही वाकडं नसतं. आपल्या छपराची गळती त्याने दहा दिवस पाहिलेली असते. पण ते पाकीट घेतलं की पाळकसाहेब अडचणीत आले.

परदेशी देणगीचा २०१० चा कायदा, म्हणजे एफसीआरए, सांगतो की परदेशी नागरिकाने दिलेली देणगी ही परदेशी देणगीच. ती त्याने डॉलरमध्ये दिली काय आणि अमरावतीच्या एटीएममधून काढून रुपयांत दिली काय, फरक पडत नाही. ती घ्यायला संस्थेची या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते. गावच्या मंडळीच्या पासबुकात ती चालत नाही. पाळकसाहेबांच्या खात्यात तर नाहीच नाही. यावर एक ‘युक्ती’ नेहमी सुचवली जाते: नोंदणी असलेल्या दुसऱ्या एखाद्या संस्थेने घ्यावी आणि मग आपल्याला द्यावी. त्याच दुरुस्तीने अशी रक्कम एका संस्थेकडून दुसरीकडे वळवायलाही बंदी घातली आहे. तेव्हा ती वाट सोडा.

मग करायचं काय? आम्ही तीन गोष्टी ठरवून टाकल्या आहेत.

पहिली म्हणजे शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, आल्यानंतर दुसऱ्याच संध्याकाळी मी गटप्रमुखांना हे समजावून सांगते. तेव्हा कोणाचे डोळे ओले नसतात, त्यामुळे कोणाला राग येत नाही. ‘तुमची इच्छा मोठी आहे, पण पाकीट नको. तुमच्या मंडळीला काही द्यायचं असेल तर आमच्या वरच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करा.’ एवढंच.

दुसरी, त्यांचा स्वतःचा खर्च त्यांनी स्वतः भागवावा. जीपवाल्याचे पैसे जीपवाल्याला, किराणा दुकानदाराचे दुकानदाराला, आणि पक्कं बिल घेऊन. सेवेचा मोबदला ही देणगी होत नाही. हे सगळं आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत. मंडपवाला, जनरेटरवाला, पाण्याच्या कॅनवाला यांना त्या वेळी बोलावून घ्या आणि चहा पाजून मोकळं करा.

तिसरी गोष्ट ऐकून काही जण हसतात. त्या रविवारी अर्पणाची थैली आम्ही पाहुण्यांच्या रांगेतून फिरवत नाही. थैली धरणारा पोरगा त्यांच्या बाकापाशी आला की सरळ पुढे जातो. पहिल्यांदा एका पाहुणीला वाटलं की आपलं काही चुकलं. म्हणून आता ते आधीच सांगून ठेवतो.

घड्याळ, स्वेटर, मोबाइलचं कव्हर अशी स्वतःच्या वापरासाठी दिलेली भेटवस्तू याच्यात धरली जात नाही. तिला भारतातल्या बाजारभावाने १ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे आणि आपल्याकडे तेवढ्याची भेट येतेय कुठून! पण भेटवस्तूंचं वाटप हा स्वतंत्र तंटा आहे. पाहुणे जाताना बूट, टोप्या, टॉर्च, अर्धवट शाम्पू सगळं मागे ठेवून जातात. ते कधीही अंगणात वाटू देऊ नका. एका वर्षी एका टॉर्चवरून दोन घरांनी ईस्टरपर्यंत अबोला धरला होता. आता सगळं एका पेटीत जातं, पेटीला कुलूप लागतं आणि पाहुणे गेल्यावर आठवडाभराने तीन बाया बसून यादी करतात. औषधांच्या गोळ्या मात्र पेटीत टाकायच्या नाहीत, त्या पाहुण्यांनी परत न्याव्यात. नाव वाचता येत नाही ती गोळी म्हाताऱ्यांच्या हाती पडणं बरं नव्हे.

आदल्या संध्याकाळी: रोडगे

खरी मेजवानी आदल्या दिवशी द्या, निघायच्या दिवशी नाही. तेलातुपाचं जेवून दोन तास जीप आणि पुढे रात्रभर रेल्वे, या हिशेबाने एका तरुण पाहुण्याचे फार हाल झाले होते. मूर्तिजापूर स्टेशन त्याला जन्मभर आठवेल. निघायच्या दिवशी वरण-भात-तूप, मऊ पोळी आणि वाटीभर दही. बस.

आदल्या संध्याकाळी मात्र वावरात रोडगे करा. पुरणपोळी त्यांना गोड वाटते, पण रोडगे करताना त्यांनाही हात लावता येतो. सोबत बसून काहीतरी करणं हाच त्या संध्याकाळचा खरा कार्यक्रम.

तीस माणसांना आम्ही सहा किलो गव्हाचं पीठ घेतो, रवाळ दळलेलं. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्टच भिजवायचं, पोळीसारखं सैल केलं तर रोडगा राखेत बसतो. गोवऱ्यांची रास जेवायच्या वेळेआधी निदान अडीच तास पेटवा. सगळा धूर जाऊन वर पांढरी राख आणि आत लाल निखारा व्हायला तासाच्या वर लागतो. धुरातच रोडगे टाकले तर ते कडू होतात आणि पाहुणे भिडेखातर खातात, ते आणखी वाईट. तोवर पाहुण्यांना पाटाभोवती बसवा. तीन छोट्या पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेलाचं बोट फिरवायचं, एकीवर एक ठेवायच्या आणि कडा वर घेऊन गोळा बंद करायचा. त्यांचे गोळे वाकडेतिकडे होतात, हरकत नाही. निखारे पसरून त्यावर रोडगे मांडा, उलटपालट करून सगळीकडून भाजा आणि मग गरम राखेत पुरून ठेवा. पाऊण तास धरा. बाहेर काढले की जाड फडक्यात घालून झटकायचे आणि हाताने फोडून वर तूप ओतायचं.

सोबत वांग्या-आलूची भाजी आणि तुरीचं वरण. भाजी दोन पातेल्यांत करा, एकात तिखट अगदी नावाला. सांबार मात्र दोन्हींत भरपूर. (पुण्याकडचे वाचत असतील तर सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) थंडीचे दिवस असले तर शेजारच्या वावरातला हरभऱ्याचा होळा करा, म्हणजे ओला हरभरा झाडासकट आगीत भाजा. पाहुण्यांची तोंडं आणि बोटं काळी होतात, मग पोरं त्यांना हसतात आणि फोटो काढायला कोणाला सांगावं लागत नाही.

अशाच शेकोटीपाशी पहिल्या गटाचे ते म्हातारे सुतार, आमचे सुतारदादा, आणि आमच्या गावचे सुतारकाका शेजारी बसले होते. दहा दिवसांत दोघांना एकमेकांचा एक शब्द कळला नव्हता. एक इंचात बोले, दुसरा सुतात, पण बाकं एका रेषेत आली. काकांनी पंच्यातून एक जुना रंधा काढला, दांडा झिजून तळहाताच्या आकाराचा झालेला. तो त्यांनी दादांच्या मांडीवर ठेवला. दादांनी तो उलटा केला, अंगठ्याने पात्याची धार पाहिली आणि मान हलवली. मी भाषांतर करायला पुढे सरकले तर काका म्हणाले, ‘बाई, राहू द्या जी. समजलं त्याईले.’

बॅगा: प्रेम किती वजनाचं?

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्या बॅगा एका खोलीत आणा आणि वजनकाटा ठेवा. आम्ही कापूस तोलायचा हूककाटा वापरतो, अर्ध्या किलोने इकडेतिकडे होतो पण चालतं. आंतरराष्ट्रीय विमानाचं वजन त्यांच्या तिकिटावर लिहिलेलं असतं. अडचण येते ती देशांतर्गत विमानाची, कारण तिथे बहुधा १५ किलोच. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं आहे. जवळ म्हणून ते सोयीचं वाटतं, पण विमान लहान आहे. गट मोठा आणि सामान जड असेल तर रेल्वेच बरी.

आपली माणसं भेट म्हणून जे देतात त्यातल्या निम्म्या वस्तू विमानतळावर काढून टाकाव्या लागतात. कोणाच्या हातात काय आहे ते आदल्या दिवशीच पाहा, म्हणजे देणाऱ्याचा अपमान होत नाही.

संत्री. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि फेब्रुवारीत मृग बहाराची फळं उतरत असतात, त्यामुळे हात आवरत नाही. पण अमेरिका असो की ऑस्ट्रेलिया, ताजं फळ घेऊन आत जाता येत नाही. सांगितलं नाही आणि सापडलं तर दंड. संत्री द्या ती रेल्वेत खाण्यापुरती, माणशी चार.

संत्राबर्फी. अमेरिकेला जाणाऱ्यांनी बंद डब्यातलीच घ्यावी आणि तिथे उतरल्यावर खाद्यपदार्थ म्हणून आपणहून सांगावी. युरोप आणि ब्रिटनला जाणाऱ्यांना दुधाचे पदार्थ देऊ नका.

कापसाचं बोंड. ही आमच्या एका आजींची भेट. स्वतःच्या वावरातलं उमललेलं बोंड, पळाटीच्या काडीसकट, प्रत्येकाला एक. दिसायला इतकं सुंदर की नाही म्हणवत नाही. पण आत सरकी आहे, म्हणजे बी आलं, आणि बी नेता येत नाही. आम्ही यावर तोड काढली. आजींनी सरकी काढून कापूस दिला, मुलींनी त्याच्या वाती वळल्या आणि छोट्या डब्यांत भरल्या. वळताना आजी तिथेच बसून कोणाची वात ढिली होते ते सांगत होत्या.

खोबरं. सरपंच सत्काराला शाल-श्रीफळ आणतात आणि त्याबरोबर कधी सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही येतात. सुक्या खोबऱ्याला २०२२ पासून विमानाच्या मोठ्या सामानातही बंदी आहे, कारण त्यातलं तेल पेट घेतं. सरपंचांना आधीच कानात सांगा. ते शहाणे असतात, शालीवर भागवतात.

लोणचं हातातल्या बॅगेत नको. मोठ्या बॅगेत न्यायचं तर तिहेरी पिशवीत. तेल गळालं की दोन आठवड्यांचे कपडे गेले. पॉवर बँक याच्या उलट, ती हातातल्याच बॅगेत. रंध्याला पातं आहे, म्हणून तो मोठ्या बॅगेत. पातं वेगळं काढून गोणपाटात गुंडाळलं.

जुन्या वस्तूंचं भान ठेवा. एका घरातून पणजोबांचं जुनं बायबल आलं होतं, पानाला हात लावला की तुटत होतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे तसा. त्या घरच्यांना मी तेवढंच सांगितलं. खरं तर कायदा नसता तरी मी अडवलंच असतं. ते बायबल त्यांच्या नातवंडांचं आहे.

मग द्यायचं काय? हलकं, सपाट, न फुटणारं. सेवाग्रामकडचे खादीचे पंचे-टॉवेल, भंडाऱ्याकडचा टसरचा रुमाल, पोरांनी काढलेली चित्रं. सगळ्यांना सारखंच द्या. गटातल्या लाडक्या माणसाला चोरून वेगळं द्यायचा मोह सगळ्यांना होतो. द्यायचंच तर त्याच्या हातात द्या, सभेत नको.

सभा: तासाच्या आत

गाडी संध्याकाळची असेल तर सभा सकाळी नऊला ठेवा. दुपार मोकळी राहते आणि खरा निरोप त्या दुपारीच होतो, ओट्यांवर, विहिरीपाशी.

आधी एक भजन, पेटी-ढोलक-टाळांवरचं. ते पाहुण्यांना दहा दिवसांत तोंडपाठ झालेलं असावं. नवीन काही बसवायला जाऊ नका. मग पाळकसाहेबांची प्रार्थना. मग मंडळीतर्फे एकच जण बोलेल, तीन मिनिटं, आणि तो कोण हे आधी ठरलेलं असेल. आमच्या मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे वडीलधारे, आहेत, माणूस देवासारखा, पण माईक हाती आला की मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तिथून सुरुवात करतात. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताच्या मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) स्थापना झाली तिथवर यायला चाळीस मिनिटं जातात, आणि ते सगळं मला इंग्रजीत करावं लागतं. आता त्यांना आम्ही शेवटच्या आशीर्वादवचनाआधीचं शास्त्रवाचन देतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०, पौल इफिसच्या वडिलांचा निरोप घेतो तो भाग. सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात आणि मग त्याला जहाजापर्यंत पोचवायला जातात. वडील ते फार छान वाचतात आणि जहाज आलं की थांबतात.

दुभाष्यासाठी दोन गोष्टी. पाहुणा बोलताना अडखळला, गळा दाटला, तर तुम्ही त्याच्या जागी वाक्य पुरं करू नका. थांबा. माणसं भाषांतर न करता रडतात. दुसरी, पाहुणा म्हणतो, ‘आम्ही पुढल्या वर्षी नक्की परत येऊ.’ तुम्ही सांगा, ‘परत यायची त्यांची इच्छा आहे.’ हे थोडं बदलणं झालं, मला कबूल आहे. पण त्या गर्दीत पुढच्या रांगेत बसलेली पोरं तुमचं मराठी ऐकत असतात.

पोरं

मोठी माणसं रडून मोकळी होतात. पोरांना आधी सांगावं लागतं. निघायच्या तीन दिवस आधीपासून संडे स्कूलच्या बाईंनी रोज सांगायचं: अजून तीन दिवस, अजून दोन. फळ्यावर लिहायचं. एकदा आम्ही हे केलं नाही. पोरं शाळेतून परतली तर पाहुण्यांची खोली रिकामी, एकाची चप्पल तेवढी दाराशी. एक पोरगं ती चप्पल घेऊन संध्याकाळपर्यंत फाट्यावर बसलं होतं.

पाहुण्यांना काही गोष्टी स्पष्ट सांगा. पोरांच्या हातात उरलेले रुपये ठेवायचे नाहीत. एखाद्याच पोराला बाजूला घेऊन ‘तुला मी शिकवीन’ असं म्हणायचं नाही. पोराचा फोटो त्याच्या नावासकट, गावासकट इंटरनेटवर टाकायचा नाही, आणि टाकायचाच असेल तर आईबापांना विचारून. पोरांना फोन नंबर द्यायचे नाहीत, पत्र लिहायचं तर पाळकनिवासाच्या पत्त्यावर आणि सगळ्या वर्गाच्या नावाने. पाहुणे हे ऐकतात. त्यांच्याकडेही असे नियम असतातच.

आणि एक शब्द त्यांना जरा सांभाळून शिकवा. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पाहुण्यांना मी दर वर्षी हौसेने हा शब्द शिकवते. त्यांना तो आवडतो, जीपमधून सगळे ओरडतात, ‘येतो! येतो!’ आपल्या मामाने ‘येतो’ म्हटलं तर पोरांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. पण मराठीचे चारच शब्द येणाऱ्या माणसाने म्हटलं की पोरं तो जसाच्या तसा घेतात. पहिल्या गटानंतर एक पोरगी मला दर सोमवारी विचारायची, ‘बाई, ते येतो म्हनले होते ना? कधी येतीन जी?’ आता मी शब्द शिकवते, पण पोरांसमोरच शिकवते, आणि हा आपला रिवाज त्यांनाही सांगायला लावते. एखादं पोरगं उठून पाहुण्यांना समजावतं: येतो म्हटलं की माणूस चालला.

गाडी

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्री किंवा पहाटे सुटतात आणि तीन तास आधी पोचायचं असतं. म्हणून आदल्या संध्याकाळची रेल्वे घ्या. अमरावतीहून अंबानगरी एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबईत पोचवते. बडनेऱ्याला विदर्भ एक्स्प्रेसही संध्याकाळीच मिळते. मुंबईत अख्खा दिवस हाताशी राहतो, गाडी चार तास लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. तिकिटं मात्र पाहुण्यांचं विमान ठरताच काढा.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत सगळे ७०१ किलोमीटर खुले झाले आहेत. गाडीनेच जायचं ठरलं तर ड्रायव्हर दोन घ्या. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, आणि रात्री रडून थकलेले पाहुणे त्याच्याशी बोलत बसणार नाहीत.

गावातून बडनेऱ्याला दोन तास धरा. पासपोर्ट प्रत्येकाने स्वतःच्या हातात धरून दाखवल्याशिवाय जीप सुरू करायची नाही. हे मी दारात उभी राहून करते, शाळेतल्या हजेरीसारखं, आणि पाहुणे ‘हजर’ म्हणतात. स्टेशनवर चारपेक्षा जास्त माणसं नेऊ नका. गाडी बडनेऱ्याला थोडा वेळच थांबते आणि दाराशी गर्दी झाली तर बॅगा खालीच राहतात. पूर्वी अचलपूरहून मूर्तिजापूरला शकुंतला जायची, नॅरोगेज, इतकी सावकाश की निरोप देणारे बरंच अंतर डब्याबरोबर चालत जात. ती सोय आता नाही.

दुसऱ्या दिवशी

पाहुण्यांची खोली लगेच झाडू नका. निदान संध्याकाळपर्यंत राहू द्या. पोरं येऊन डोकावून जातात, बायका उगाच उंबऱ्यावर बसतात. ज्यांच्या घरी पाहुणे चहाला जायचे त्या घरी तुम्ही चहाला जा. संध्याकाळी उरलेले रोडगे कुस्करून गूळ-तुपात कालवा आणि जे येतील त्यांना वाटीभर द्या. हिशेबाची वही त्या दिवशी उघडू नका.

पहिला गट गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा सुतारकाका प्रार्थनामंदिरात एकटेच होते. शेवटचं बाक डुगडुगत होतं म्हणून त्याच्या पायाखाली पाचर ठोकत होते. हातात दादांचा मोजपट्टीचा टेप होता, पिवळा, पहिले दोन इंच पुसट झालेले. त्यांनी टेप ओढला, बाकावर धरला आणि मला विचारलं, ‘बाई, हे इकडून वाचाचं का तिकडून?’